खिडकीतलं तळं दरबारात

गुणाजीराजांनी तळ्याच्या काठाने दोन पुरुष उंच भिंत घालायचा हुकूम काढला आणि वेशीबाहेरच्या नव्या पेठेत तांबटांचे हातोडे एकदम थांबले.

थांबणारच. ठोकठोक नको म्हणून गावाने तांबटांना वेशीबाहेर काढलं, तेव्हा अंताजीपंत कारभाऱ्यांनी हीच घरं त्यांच्या गळ्यात मारली होती, तीही चढ्या भावाने. "घर काय, कुठेही मिळेल," पंत गोड हसून म्हणाले होते, "पण खिडकी उघडली की तळं थेट मांडीवर येऊन बसतं, असं घर दुसरं दाखवा." आता घरं विकून झाली होती आणि तळ्याकाठी राजांना मोर पाळायचे होते. लोकांनी पाहिलं की मोर बुजतात, असं राजांना कुणीतरी सांगितलं होतं. मोरांना कुणी विचारलं नव्हतं.

हरबा तांबटाची नवी बायको राही खिडकीशी उभी राहिली. तळ्याच्या पलीकडच्या काठावर तिचं माहेर. नव्या सुनेला माहेर म्हणजे पंचमी नाहीतर दिवाळी, मधले महिने सासूच्या तोंडाकडे बघत काढायचे. राहीला मात्र रोज सकाळी आईचं अंगण दिसायचं, दोरीवर लाल लुगडं दिसायचं. म्हणजे आई उठली, न्हाली, बरी आहे. या खिडकीपायीच तिने हरबाला हे घर घ्यायला लावलं होतं.

"राजाशी कोण भांडणार?" हरबा म्हणाला.

"भांडायचं कुठे? नुसतं विचारायचं," म्हणत राहीने पदर सारखा केला आणि दरबाराची वाट धरली. हरबा मागून गेला. जरा लांबूनच.

"सरकार," राही म्हणाली, "घर घेताना आम्ही खिडकीतलं तळंही घेतलं. पंतांनी त्याचा भाव वेगळा लावला होता."

पंतांना एकदम खोकला आला.

"विकत घेतलेली वस्तू डोक्यावर घेऊन जाता येते," राजे म्हणाले. "दिसणं कोण विकतं आणि कोण घेतं?"

"पंत विकतात, सरकार. घेतलं आम्ही."

दोनचार मानकरी मिशीत हसले. राजांनी ते पाहिलं, आणि तिथेच त्यांचा हट्ट पेटला.

"तुझ्या खिडकीतून जे दिसतं ते तुझं ना? मग सोमवारी ते इथे माझ्यापुढे आणून ठेव. चित्र चालणार नाही, वर्णन चालणार नाही, जे दिसतं तेच पाहिजे. आणलंस तर भिंत रद्द. नाही आणलंस तर घर खाली कर, तिथे मोरांचा दाणा ठेवू."

"आणताना कुणी अडवलं तर?" राहीने खाली मान घालून विचारलं.

"माझा हुकूम आहे! अडवेल त्याला चाबूक. पंत, दवंडी पिटा."

बाहेर आल्यावर हरबा म्हणाला, "अगं, तळं आणणार कशात?"

"घागरी आहेत की आपल्याकडे ढीगभर."

"चेष्टा नको. घर जाईल."

इकडे राजांना आणखी एक गंमत सुचली. त्यांनी गवंड्यांना सांगितलं, आधी त्या पोरीच्या खिडकीपुढचीच भिंत उचला. दिसेनासंच करून टाका, मग काय आणते बघू.

भिंत भराभर चढली. आधी कमळं गेली, मग पाणी, मग आईचं अंगण. त्या सकाळी राही बराच वेळ खिडकीपाशी बसून होती. मग उठली आणि ताकाची घागर घेऊन गवंड्यांकडे गेली.

"भाऊ, टेकडीचा शेंडा अजून दिसतोय. आणि वळचणीखाली बोटभर आभाळ. तेही झाका की."

गवंड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरीचं डोकं फिरलं म्हणायचं. पण ताक गार होतं, त्यांनी आभाळही झाकलं.

सोमवारी राही दरबारात आली ती डोक्यावर पाटी घेऊन. पाटीतला धोंडा तिने राजांच्या पुढ्यात उतरवला. धोंड्याला ओला चुना लागला होता.

"हे काय?"

"माझ्या खिडकीतून जे दिसतं ते, सरकार. भिंतीशिवाय तिथून आता काहीच दिसत नाही. गवंड्यांना विचारा."

"एक धोंडा म्हणजे काय भिंत झाली?"

"बाकीची येतेय. जड आहे ना, म्हणून दमाने."

दारातून हरबा आला, धोंडा खांद्यावर. त्याच्यामागे सगळी तांबटांची पेठ, रांग पार वेशीपर्यंत. चुना वाळला नव्हता, दगड दुधाच्या दातासारखे हलत होते.

"सरकार, हे कुठे ठेवू?" हरबाने विचारलं. "गालिचा काढताय, की त्याच्यावरच?"

पहारेकरी धापा टाकत आला. "सरकार, पेठेने भिंत उतरवली! अडवणार होतो, पण दवंडी..."

"थांबवा त्यांना, थांबवा!" पंत ओरडले.

राही हळूच म्हणाली, "पंत, अडवणाऱ्याला चाबूक आहे."

राजांनी धोंड्यांकडे पाहिलं, मग पंतांच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे. त्यांचे खांदे हलू लागले आणि बघता बघता ते मांडीवर थाप मारून हसत सुटले. "भिंत मी घातली, हुकूमही मीच दिला, आणि मोडली हिने! पोरी, भिंत रद्द. पण त्या खिडकीत एवढं आहे तरी काय?"

"पलीकडच्या काठावर आई आहे, सरकार."

राजे पंतांकडे वळले. "पंत, या दगडांचा हिच्या घराखाली घाट बांधा. तुमच्या खर्चाने. आणि घाटाला माझी एक होडी कायमची बांधून ठेवा, या पोरीला मनाला येईल तेव्हा पलीकडे जाता येईल अशी."

हरबा राहीच्या कानाशी लागला. "म्हणजे आता रोज माहेर?"

"रोज कशाला? तुम्ही भांडाल त्या दिवशी."

ते राजांनी ऐकलं, आणि आत्ताच कुठे आवरलेलं त्यांचं हसू पुन्हा सुटलं. "हरबा," ते डोळे पुसत म्हणाले, "वल्ही मात्र तुझ्याकडे ठेवू नकोस हो. तीही हिलाच देतो!"