महाराज होडीत चढतात

निवेगडचे रणधवल महाराज होडीत चढताना तिसऱ्यांदा खाडीत पडले, आणि या खेपेला तर धक्क्यावर वाजंत्री चालू होती. दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर काढलं, तिसऱ्याने पगडी गळाने ओढून आणली. एवढं होऊनही दोष कुणाचा? होडीचा! नाचता येईना, अंगण वाकडं.

"बुधाजी मेस्त," महाराज नाकातलं पाणी शिंकरत म्हणाले, "नारळी पौर्णिमेला मला याच होडीतून समुद्राला नारळ द्यायचा आहे. तोवर ही सुधार."

होड्या बांधणारा बुधाजी चाचरत म्हणाला, "सरकार, शिडाची होडी हलकी. चढताना काहीतरी धरावं, शिडाच्या आडव्या वाशाखाली मान वाकवावी आणि लगेच खाली बसावं. मग ती उलटत नाही."

"मी आधार घेऊ? मी वाकू? आणि खलाशी उभे असताना त्यांच्या पायाशी बसू?" महाराजांच्या मिशीतून अजून पाणी गळत होतं. "यातलं मी काहीएक करणार नाही, आणि पडणारही नाही. अशी होडी कर. नाहीतर तुझी हत्यारं खाडीत आणि तू संस्थानाबाहेर!"

बुधाजी घरी आला तो जेवायच्या पानावर नुसता बसून राहिला. पटाशी, तासणी, करवत, सगळी आजोबांच्या हातची. त्याची लेक आवडू त्याच हत्यारांशी खेळत मोठी झाली होती. बापाचा चेहरा बघून ती त्याच्यापुढे येऊन बसली.

"बाबा, उलांडी लावया," ती म्हणाली. "पलीकडच्या अंगाक ओंडको बांधलो की होडी उलटाची नाय."

"होडी नाय उलटाची गो. म्हाराजांचा काय?"

"होडी तुमी बघा. म्हाराजांचा मी बघतंय." आणि ती खुदकन हसली. बापाला काही हसू आलं नाही.

पौर्णिमेला अख्खं गाव धक्क्यावर लोटलं. महाराज भिजणार म्हटल्यावर घरी कोण बसतो! होडीच्या पलीकडच्या बाजूला दोन दांड्यांना बांधलेला ओंडका तरंगत होता. अलीकडे रुंद पायरी होती आणि पायरीपाशी मनगटाहून जाड खांब. खांबाच्या टोकाला संस्थानचं निशाण फडफडत होतं.

"हा खांब धरायला आहे काय गं?" महाराजांनी डोळे वटारले.

आवडू पुढे झाली. "छे महाराज, निशाणाला आहे. होडी सुटताना ते कुणी धरायचं, एवढंच ठरायचं राहिलंय. दिवाणसाहेबांना सांगू?"

"दिवाणाला? निशाण माझं आहे!" महाराजांनी दोन्ही हातांनी खांब धरला आणि पायरीवर पाऊल टाकलं. होडी जराशी डुलली आणि स्थिर झाली. बघ्यांची थोडी निराशाच झाली.

डोलकाठीला गुडघ्याएवढ्या उंचीवर गावदेवीचा मुखवटा बांधलेला होता. देवीपुढे ताठ कोण राहील? महाराज नमस्काराला वाकले, तेवढ्यात शिडाचा आडवा वासा त्यांच्या पगडीवरून बोटभर अंतराने सुळकन निघून गेला. पुढे होडीच्या तळाशी खिळ्यांनी पक्का केलेला पाट होता. "यजमानांनी पूजेला बसावं," भटजी म्हणाले. यजमानाचा मान महाराज दुसऱ्याला थोडाच देणार? बसले.

नारळ समुद्रात गेला आणि महाराज कोरडे ठणठणीत परत आले. धक्क्यावर उतरून मिशीला पीळ देता देता त्यांचा हात एकदम थांबला. त्यांनी खांबाकडे बघितलं, मुखवट्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं.

"पोरी, खरं सांग. मी आधार घेतला?"

बुधाजीने डोळे मिटून घेतले.

"नाही महाराज. आधार निशाणाने घेतला, तुमचा."

"आणि वाकलो?"

"देवीपुढे. ते वाकणं कुठं?"

"आणि बसलो, ते पूजेला! असं होय?" महाराज पुढे सरसावले. "आणि यातलं काहीच केलं नसतं तर?"

आवडूने हात जोडले. "तर महाराज, नारळाच्या आधी समुद्राला तुम्हीच अर्पण झाला असता."

मग महाराजांचं पोट हलायला लागलं, आणि ते असे खदखदून हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दिवाण हसले, भटजी हसले, शेवटी बुधाजीसुद्धा डोळे उघडून हसला.

"माग, काय हवं ते माग!"

"तुमच्या रानातलं सागाचं लाकूड द्या, महाराज. खाडीतल्या सगळ्या होड्यांना असा खांब आणि अशी पायरी बसवते. आमची म्हातारीकोतारीही चढताना पडतात, फक्त तेव्हा वाजंत्री नसते."

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत ठेवलं आणि दिवाणांना म्हणाले, "उद्या सकाळी वीस गाड्या साग बुधाजीच्या दारात पडला पाहिजे."