एकसारख्या दारांचं गाव

फार पूर्वी, माणसं झाडं विचारत विचारत घरी पोचायची तेव्हा, एका गावात एक कारभारी होता. त्या गावात पत्ता सांगायची रीतच नव्हती, खूण सांगायची. "चिंचेपाशी वळा, ओट्यावर उपडे रांजण दिसले की तेच सुईणीचं घर." झालं, माणूस बरोबर पोचायचा.

गाव वाढत चाललं होतं. कारभारी एकदा राजधानीला जाऊन आला आणि सरळ रस्त्यांनी त्याला झपाटलं. चिंच तोडली, ओटे पाडले, सगळ्या भिंती पांढऱ्या केल्या, सगळी दारं तपकिरी. स्वतःचा ओटा त्यानं सगळ्यांच्या आधी पाडला, हे मात्र कबूल करायला हवं.

बायको म्हणाली, "अहो, आळीला एक तरी खूण राहू द्या. माणसं चुकतील."

"खुणा गावंढळांना लागतात. आता आपलं शहर झालंय!"

त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एके दिवशी भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. बाळ अडलं. "सुईणीला आणा हो, धावा!" बायको किंचाळली.

कारभारी स्वतःच धावत सुटला. पांढरी भिंत, तपकिरी दार. वळला. पुन्हा पांढरी भिंत, तपकिरी दार. "सुईणबाई! सुईणबाई!" ओरडत त्यानं एक दार ठोठावलं. "आम्ही इथे नवे आहोत हो," आतून उत्तर आलं. दुसऱ्या दारातली म्हातारी म्हणाली, "चिंचेपाशी वळा... अगं बाई, आता चिंच कुठली!" कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात समोरून सुईणच धापा टाकत आली. "कारभारी, तुमची ओरड ऐकून केव्हाची निघालेय. तुमचं घरच सापडेना! चला, दाखवा लवकर."

दोघं धावले. आणि मधेच कारभारी थबकला. दोन्ही बाजूंना तीच दारं. आपलं कोणतं, हे त्याला कळेना.

"हे का?" सुईणीनं विचारलं. ते नव्हतं. "मग हे?" तेही नव्हतं.

शेवटी बायकोचा हंबरडा ऐकू आला, त्यावरून घर सापडलं. लेक वाचली. बाळ गेलं.

लेकीला बोलायचं बळ आलं तेव्हा कारभारी तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडत होता.

"बाबा, शहर फार देखणं केलंत तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या बाळाला यायला वाट तेवढी ठेवली नाहीत."

तात्पर्य: गाव खुशाल वाढवावं, पण त्याची ओळख पुसू नये, ओळख पुसली की आपलं माणूस हाकेच्या अंतरावर असूनही हाती लागत नाही.