ठकाईची कबरी शेळी

“…आणि मग ठकाईच्या शेळीनं म्हणे मेलेला माणूस खिंडीपार नेला, आणि तिथं गेल्यावर…”

एवढ्यात नळावर हे सांगणाऱ्या बाईची कळशी भरली आणि ती निघूनच गेली! मुलाच्या नोकरीपायी आम्ही कातळवाडीत आलो त्याला दोन वर्षं झाली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कसली गप्प बसते! घरोघर विचारत फिरले. जे हाती लागलं ते सांगते, पोरांनाही जवळ बसवा.

आपल्या पणज्या पाळण्यातही नव्हत्या, तेव्हा या गावात छातीची साथ आली. बरीच माणसं गेली. गुणाजी वाचला, पण ताप उतरला तरी त्याचा दम काही परत येईना. अंगणात गेला की धाप, दोन घास खाल्ले की धाप. सगळा गाव सांगे, पडून राहा, हलू नकोस. तो पडून राहिला आणि पायांच्या काटक्या झाल्या.

त्याची एकुलती लेक भागू खिंडीपलीकडे सोनघळला दिलेली. तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासू अडून बसली. निरोप आला, “बाप स्वतः दारात येईल तर पाठवू. नाहीतर नाही.” खिंडीत गाडी चढत नव्हती. लोक म्हणाले, झोळीतून नेऊ. गुणाजी भडकला, “जित्तेपणी मढ्यासारखा जाऊ लेकीच्या दारात?” आणि एवढं बोलूनच त्याला धाप लागली.

तेव्हा ठकाई धनगरीण आली. तीही त्याच साथीतून उठलेली. तिच्यामागे एक म्हातारी लंगडी शेळी, कबरी.

“ऊठ रं गुणाजी. हिला चारून आण.”

“मारायचाय का माझा माणूस?” गुणाजीची बायको धावून आली.

“मारायला शेळी कशाला लागतीय, तुझी खाट हाय की!” ठकाई म्हणाली. “ऐक गुणाजी. ती चालंल तवा चालायचं, ती थांबंल तवा थांबायचं. दोर वढायचा न्हाई. आन् निखारा फुलंल पर राख उडणार न्हाई, अशी हळू फुंकर मारीत श्वास सोडायचा.”

पहिल्या दिवशी कबरी कुंपणापर्यंत गेली आणि चरत बसली. मग विहिरीपर्यंत. मग माळावर. असं म्हणतात, गुणाजीला धाप लागली की शेळी आपोआप थांबायची आणि मागं वळून बघायची. असं म्हणतात, वाटेत वाघ आडवा आला, तोही या दोघांचा दम खाऊन होईपर्यंत बसला आणि शेवटी कंटाळून निघून गेला!

गावाला वाटलं, गुण शेळीच्या दुधात आहे. आजारी माणसांनी खाटेवरूनच वाट्या पुढे केल्या. ठकाई हसून लोळली. “अरं, म्हातारी हाय ती! दूध कुठलं? उठा, तिच्यामागं चाला!”

आणि एके सकाळी कबरी खिंडीची वाट चढू लागली. असं म्हणतात, त्या दिवशी डोंगरच जरा खाली बसला.

आता खरं काय ते ऐका. आमच्या शेजारच्या हौसाकाकूंची आजेसासू म्हणजे त्याच भागूची मुलगी, तेव्हा काकूंना सगळं ठाऊक. गुणाजी मेला नव्हताच. आणि शेळीनं त्याला खिंडीपार नेलं नाही, खिंडीपर्यंतच नेलं. तिथं कबरी बसली ती उठेना. दोर ओढायचा नाही, म्हणून गुणाजीही बसला. खाली सोनघळात गुराख्यांनी बोंब ठोकली, भागूचा बाप आला! खिंड म्हणजे काय आमचं दार नव्हे, असं भांडायला सासू तरातरा वर निघाली, आणि पोहोचली तेव्हा तिलाच धाप लागली.

गुणाजी म्हणाला, “बसा विहीणबाई. आधी दम खा, मग भांडू.”

ती बसली. फुंकर मारायलाही शिकली. तेवढ्यात पाठीमागून गाठोडं घेऊन, थांबत थांबत भागू आली. मग भांडायला राहिलं काय? बाप, लेक आणि शेळी सावकाश कातळवाडीकडे उतरली.

आजही इथं कुणी छातीच्या दुखण्यातून उठलं की शेजारी त्याच्या दारात ठकाईच्या नावानं म्हातारी शेळी आणून बांधतात. आमच्या आळीतले दगडूभावजी असंच दुखणं काढून दवाखान्यातून आले. डॉक्टरीणबाईंनी रोज थोडं थोडं चालायला सांगितलंच होतं, तरी शेळी आलीच! दम लागतो का, असं त्यांना कुणी विचारत नाही. संध्याकाळी पारावरून एवढीच हाक येते, “काय भावजी, शेळी आज कुठवर चरली?”

काल ते पारापर्यंत स्वतःच चालत गेले. टेकले, फुंकर मारली आणि कुणी विचारायच्या आतच म्हणाले, “ओढ्याच्या पल्याड!”