शिडाचा नमस्कार

समुद्राचे नकाशे कुणी काढले नव्हते, तेव्हाची गोष्ट. हिरोजी नाखव्याचं गलबत बंदराच्या तोंडाशी आलं आणि त्याचं शीड कानात वारं शिरलेल्या वासरासारखं उधळलं.

"नाखवा, सरळ घ्या की! समोर पाणी कसं मोकळं आहे!" शीड म्हणालं.

नाखव्याने शिशाच्या गोळ्याला मेण फासलं आणि दोरीने तो खोल तळाशी सोडला. गोळा वर आला तेव्हा मेणाला एक चिंधी चिकटली होती. शिडाने तिची वीण ओळखली. ती त्याच्यासारखीच होती.

"खाली कोण आहे रे?" शिडाने गोळ्याला विचारलं.

"खडकांवर गलबतं निजलीत, दादा," गोळा हळूच म्हणाला. "डोलकाठ्यांचं रानच आहे. सगळी सरळच निघाली होती."

नाखव्याने सुकाणू फिरवलं. शीड खाली वाकलं. खलाशांना वाटलं, वाऱ्यानेच वाकलं.