बिनवातीची मेणबत्ती

जंगलात घरोघरी उजेड करायची रीत होती, त्या काळी एका अस्वलाने मेणबत्त्या बनवायचं मनावर घेतलं. शेजारची साळू त्यात मुरलेली. "मेण कुठलं घेऊ? साचा केवढा? रंग कधी घालू?" त्याने तिला भंडावून सोडलं.

"बाबा रे, वात आणू नकोस. बाजारात जा आणि सामान घेऊन ये," साळू वैतागली.

अस्वल आज्ञाधारक. त्याने मेण, साचे, रंग, वाळ्याचं अत्तर आणलं. वात तेवढी आणली नाही. मेणबत्ती सुरेख झाली, पण पेटवायची कुठून?

"तूच नको म्हणालीस," तो म्हणाला.

साळू पोट धरून हसली, मग ओशाळली. आपल्याच काट्याने तिने मेणबत्तीला भोक पाडलं आणि सुती दोरा ओवला.

"आता पेटवू?" अस्वलाने विचारलं.

"पेटव," साळू म्हणाली, "आणि पुढचं विचार."