झिजवलेल्या चपला

“किती वर्षं झाली रे या चपलांना?”

हिंदुरावनं दाराशी काढलेला जोड केरबाबुवांनी हातात घेतला, तसा तो पुढं सरकला.

“सात... सात वर्षं, बाबा.”

घाटमाथ्यावरच्या त्या मठाची रीतच तशी होती. दसरा झाला की बुवा पायी कोकणात उतरत, चार महिने गावोगाव फिरत. सोबत एकच शिष्य. तो निवडताना ते तोंडं बघत नसत, चपला किती झिजल्यात ते बघत. हिंदुरावला मठात येऊन उणंपुरं वर्ष झालेलं. पण यंदा आपणच जायचं, या ध्यासानं त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

करकर वाजणारा नवा जोड त्यानं चिखलात पुरला, उन्हात तापवला, करंजाचं तेल चोळून काळा केला. पट्टे पिळून पिळून मऊ केले. टाच विटेवर घासायला घेतली. पण कुठं घासायची, किती घासायची? बुवा ध्यानाला बसले की तो त्यांचाच जोड समोर ठेवी आणि झीज न् झीज उतरवून घेई. आता दाढीलाही चुना लावून ती पिकव, असं म्हणत बाकीचे शिष्य खिदळले. त्यानं लक्ष दिलं नाही.

बुवांनी चपला उलट्या केल्या. डाव्या टाचेवरून बोट फिरवलं...

“झकास झिजल्यात.”

आता पडशी उचलायचीच बाकी, असं हिंदुरावला वाटलं.

बुवांनी त्या स्वतःच्याच पायांत घातल्या आणि अंगणात फेरी मारली. लहानपणी मोडलेला त्यांचा डावा पाय बाहेरच्या अंगाला कलत होता. टाच नेमकी तिथंच झिजलेली होती. चप्पल कुठं बोचेना, कुठं अडेना...

अंगणात जमलेल्या शिष्यांचं हसू थांबलं. हिंदुरावनं आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही सरळ होते.

“बाबा... सात वर्षं नाही. सात दिवस.”

बुवांनी आपला जुना जोड पडशीत कोंबला, पडशी हिंदुरावच्या खांद्यावर टाकली आणि घाटाची वाट धरली.

हिंदुरावला आधी खरंच वाटेना. मग तो अनवाणीच मागं धावला. खडे रुतत होते, तरी पाय जमिनीवर ठरत नव्हते. पहिल्या वळणावर त्यानं बुवांना गाठलं.

“बाबा, माझ्या चपला...”

बुवांनी वळूनही पाहिलं नाही.

“ह्या तर माझ्या. तुझ्या कुठायत?”