रंगवलेली करवत

फार पूर्वी, प्राण्यांचाही बाजार भरायचा त्या काळी, झिपरू नावाच्या अस्वलाच्या गुहेपुढे ऐनाचं झाड आडवं पडलं. ते कापण्यासाठी तो कोल्ह्याकडे साखळीची जुनी करवत बघायला गेला.

करवतीला ताजा रंग दिला होता. कोल्ह्यानं दोरी ओढली आणि ती पहिल्याच झटक्याला सुरू झाली. झिपरू खूश झाला.

बंद केल्यावर करवतच म्हणाली, "अस्वलदादा, तू यायच्या आधीच यानं मला चालवून गरम केलंय. गार झाल्यावर ओढून बघ, मी अशी लगेच सुरू होत नाही. शिवाय माझा ब्रेक तुटलाय. लाकडात अडकून उसळले, तर मला थांबता येणार नाही."

"म्हातारपणी सगळेच कुरकुरतात," कोल्हा हसला. "रानडुकराला ही हवीच आहे. तुला नको असेल तर सांग."

झिपरूला घाई झाली. मधाची दोन पोळी देऊन त्यानं करवत उचलली.

दुसऱ्याच दिवशी ती लाकडाच्या गाठीत अडकली आणि उलटी उसळली. झिपरूचा डावा पंजा तुटून पाचोळ्यात पडला.

जखम भरायला सगळा पावसाळा गेला. पंजा गेल्यापेक्षा आपण फसलो, हेच त्याला जास्त सलत होतं. शेवटी करवत घासूनपुसून तो बाजारात जाऊन बसला. गिऱ्हाईक म्हणून एक साळिंदर आलं. करवत बोलू लागताच झिपरूनं तिच्यावर पोतं टाकलं.

"काका, पंजा कशानं गेला?" साळिंदरानं विचारलं.

"वाघाशी झुंजताना," झिपरू म्हणाला.